दुसरा आवाज कुठे गेला?

गिटार शिकायला लागून दोन-अडीच वर्षे झाली की प्रत्येकाला एक खुमखुमी येते. गाणाऱ्याच्या मागे कॉर्ड वाजवत बसायचा कंटाळा येतो आणि वाटू लागते की सबंध गाणेच आपण एकट्याने गिटारवर वाजवावे. चालही आपली, साथही आपली. मलाही ती खुमखुमी आली. कॉलेजात होतो. डिसेंबरची संध्याकाळ, गार वारा, आमच्या शेजारच्या घराचा बल्कांव आणि तिथे बसलेले शेजारचे म्हातारे अंकल. सासष्टीतले जुने घराणे, तरुणपणी व्हायोलिन वाजवलेला माणूस. त्यांना खूष करावे म्हणून मी एक मांडो बसवून नेला होता. वरच्या तारेवर चाल, खाली अधूनमधून कॉर्डचा झणत्कार. माझ्या मते फक्कड जमले होते.

अंकलनी शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाले, "बरें वाजयलें पुता. पूण दुसरो आवाज खंय गेलो?"

मांडो दोन आवाजांत गातात हे गोव्यात कुणाला सांगायला नको. एक आवाज चाल धरतो, दुसरा तिच्या खालून, बहुधा तिसऱ्या सुराच्या अंतरावर, सावलीसारखा चालतो. मी सावली कापून टाकली होती आणि तिच्या जागी पुस्तकातले कॉर्ड चिकटवले होते. तो प्रश्न मला त्या दिवशी थोडा लागलाच. पुढे कित्येक वर्षांनी वाचता वाचता लक्षात आले की हाच प्रश्न साडेचारशे वर्षांपूर्वी स्पेनमधल्या एका आजारी संन्याशाने विचारला होता, आणि त्याचे उत्तरही देऊन ठेवले होते. आजचा लेख त्या उत्तराविषयी.

'अरेंजर' हा शब्द आम्हा गोंयकारांना परका नाही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबास्तियन डिसोझा, फ्रँक फर्नांड अशी आपली माणसे मुंबईच्या चित्रपटसंगीतात अरेंजर होती. संगीतकार चाल गुणगुणायचा आणि ही मंडळी ती मोठ्या वाद्यवृंदात वाटून द्यायची : व्हायोलिनना हे, चेलोला ते, बासरीला मधला तुकडा. चर्चच्या शाळांतून नोटेशन वाचायला शिकलेल्या माणसांची ही कमाई. पण तो मार्ग एकाकडून अनेकांकडे जाणारा होता. गिटारवर एकट्याने गाणे बसवणाऱ्याला नेमके उलटे जायचे असते. अनेकांचे एकात आणायचे. इथे हातात काय असते? सहा तारा, डाव्या हाताची चार बोटे, उजव्या हाताचा अंगठा आणि तीन बोटे. एवढ्यात चार गळ्यांचे गाणे कोंबायचे. सगळे मावणार नाही हे उघड आहे. म्हणजे ही विद्या मुळात काय ठेवायचे आणि काय सोडायचे याची विद्या आहे.

या विद्येचा छापील इतिहास सुरू होतो तो सोळाव्या शतकातल्या स्पेनमध्ये. तेव्हा आजची गिटार नव्हती. 'विवेला' नावाचे वाद्य होते. आकार गिटारसारखा, तारांच्या सहा जोड्या, जुळणी मात्र ल्यूटसारखी. आजच्या गिटारची तिसरी तार अर्धा सूर उतरवली की तारांमधली अंतरे हुबेहूब विवेलाची होतात. विवेलासाठी छापलेले पहिले उपलब्ध पुस्तक लुईस मिलानचे, वालेन्सिया शहरातून १५३६ साली निघालेले. नाव 'एल माएस्त्रो', म्हणजे गुरुजी. ज्याने वाद्य कधी हातात धरले नाही त्यालाही पायरीपायरीने पुढे न्यावे असा त्याचा बेत.

आणि हे पुस्तक अर्पण कुणाला केले आहे? पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याला! ज्याच्या राज्यात तेव्हा आपला गोवा होता आणि ज्याच्या सांगण्यावरून फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरला, तोच हा राजा. पुस्तकात विवेलाच्या साथीने गाण्यासाठी पोर्तुगीज भाषेतली गाणीही आहेत. आणखी एक गंमत. सहा रेघांवर आकडे लिहून कुठल्या पडद्यावर बोट ठेवायचे ते सांगण्याची पद्धत, जिला आज गिटार शिकणारी मुले 'टॅब' म्हणतात, ती तेव्हाची. स्पॅनिश लोक तिला 'सिफ्रा' म्हणत. इतर विवेलावाले सगळ्यात वरची रेघ खर्जाच्या तारेसाठी ठेवत. मिलानने मात्र वरची रेघ सगळ्यात उंच तारेला दिली. आजच्या टॅबमध्येही तसेच असते. म्हणजे आज टॅब वाचणारे पोर नकळत मिलानच्या पद्धतीने वाचत असते.

पण मिलानचे तुकडे बहुतेक त्याचे स्वतःचे. दुसऱ्याचे गाणे वाद्यावर आणण्याचा खरा नमुना दोन वर्षांनी, १५३८ मध्ये, वायादोलिद शहरातून आला. लुईस दे नार्वाएझ याचे पुस्तक. त्यात जोस्कँ या थोर रचनाकाराचे 'मिल रग्रे' हे चार आवाजांचे फ्रेंच विरहगीत विवेलावर उतरवले आहे आणि वर लिहिले आहे : 'सम्राटाचे गाणे'. सम्राट म्हणजे पाचवा चार्ल्स, आपल्या तिसऱ्या जुआंवचा मेहुणा. खरे तर दुहेरी मेहुणा, कारण दोघांनी एकमेकांच्या बहिणींशी लग्ने केली होती. त्याच पुस्तकात गाई राखण्याच्या एका साध्या लोकगीतावरचे फरकही आहेत. राजवाडा आणि गोठा, एकाच जिल्दीत.

नार्वाएझने त्या विरहगीताचे काय केले ते बघण्यासारखे आहे. गळा सूर धरून ठेवू शकतो. छेडलेली तार तसे करू शकत नाही. टण्ण वाजली की लगेच विरू लागते. चार माणसे एक लांब सूर धरून उभी राहतात तेव्हा जो भार येतो, तो तारेवर दोन क्षणांत नाहीसा होतो. नार्वाएझने अशा जागी बारीक सुरांच्या लडी घातल्या. एका लांब सुरापासून दुसऱ्यापर्यंत वाहत जाणाऱ्या. ऐकणाऱ्याला वाटते नक्षी आहे. प्रत्यक्षात तो पूल आहे, विरणाऱ्या सुरापासून पुढच्या सुरापर्यंत बांधलेला. म्हणजे अरेंजरपुढे प्रश्न दोन : काय सोडायचे, आणि जे तारेला जमत नाही त्याची भरपाई कशाने करायची.

आता तो संन्याशी. फ्राय हुआन बेर्मुदो, एसिहा गावचा, फ्रान्सिस्कन पंथाचा. आजारपणामुळे मठातल्या कामांतून मोकळीक मिळाली आणि तो संगीतशास्त्राच्या पुस्तकांत बुडाला. १५५५ मध्ये ओसुना गावी त्याचा वाद्यांवरचा मोठा ग्रंथ छापून निघाला. त्यात विवेला शिकणाऱ्यांसाठी एक छोटासा अभ्यासक्रम आहे. गाण्याची रचना आपल्या हाताने सिफ्रात कशी उतरवायची, आणि कुठल्या क्रमाने.

त्याचा क्रम असा. नवशिक्याने आधी साधी स्पॅनिश गाणी घ्यावीत, ज्यांना 'विल्यान्सिको' म्हणत. तीही आधी दोन आवाजांची, मग तीन आवाजांची, आणि सगळे आवाज एकाच वेळी पडतात अशी. यात उतरवून काढण्याची मेहनत फारशी नसते. हात बसला की हुआन वास्केससारख्या चांगल्या रचनाकाराचे विल्यान्सिको. मग जोस्कँसारख्या उस्तादांची मोठी कामे. आणि अगदी शेवटी गोंबेर. का? तर त्याचे संगीत पसरलेले आहे, एक आवाज थांबला की दुसरा निघतो, विवेलावर ते पकडणे सर्वांत अवघड.

मित्रहो, हे वाचले तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. आधी दोन आवाज! चार बोटांत सहा तारांचे कॉर्ड नाही, नुसते दोन आवाज, पण दोन्ही पुरे आणि दोन्ही खरे. अंकल मला दुसरे काय सांगत होते?

बेर्मुदोचा दुसरा सल्लाही तितकाच कामाचा. रचना वाद्यावर आणताना बोटे वेडीवाकडी ताणावी लागली, तर सूर बदलण्याऐवजी वाद्यच वेगळे कल्पावे, असे तो सुचवतो. मोकळ्या तारेचा सूर हा नसून तो आहे असे मानून कागदावर विवेला रंगवायची आणि रचना जिथे हाताला सोपी पडते तिथे बसवायची. आजचा वादक गाण्याची पट्टी बदलतो किंवा दांड्यावर कॅपो लावतो, त्यामागची अक्कल हीच. गाणाऱ्याची पट्टी गळ्याला सोयीची असते. गिटारची पट्टी मोकळ्या तारांना सोयीची हवी, कारण खर्ज मोकळ्या तारेवर मिळाला तर डाव्या हाताची चारही बोटे वरच्या आवाजांना उरतात. गिटारच्या खालच्या तीन तारा ई, ए आणि डी. म्हणून एकट्या गिटारसाठी बसवलेली कितीतरी गाणी याच तीन घरांत राहायला आलेली दिसतात.

आणि बेर्मुदोचा हेतू नुसता नक्कल करण्याचा नव्हता. उस्तादांची कामे आपल्या हाताने उतरवता उतरवता त्यांची बांधणी अंगात भिनते आणि त्यातूनच पुढे स्वतःचे काही सुचते, असा त्याचा विश्वास. आपल्याकडे शिष्य गुरूची बंदिश घोटतो ती काही वेगळ्या कारणाने नाही. त्याच काळात, १५५४ मध्ये, सेव्हिल शहरातून मिगेल दे फुएन्यानाचा 'ओर्फेनिका लिरा' हा ग्रंथ निघाला. त्याचा बहुतांश भाग दुसऱ्यांच्या गाण्यांच्या अशा उतरवण्यांचाच. फुएन्याना दृष्टिहीन होता. चार-चार, पाच-पाच आवाज नुसत्या कानाने धरायचे, स्मरणात वेगळे ठेवायचे आणि बोटांवर एकत्र आणायचे! त्याच्या छापील पानांवर गळ्याने गायच्या आवाजाचे आकडे लाल शाईत आहेत. इतक्या आकड्यांच्या गर्दीतही गाणे कुठले ते हरवू नये म्हणून.

पुढे विवेला मागे पडली, गिटार पुढे आली आणि १८०० च्या आसपास तिला आजच्या सहा एकेरी तारा मिळाल्या. गाण्याचे रूपही बदलले. आता चार गळ्यांऐवजी एक गळा आणि साथीला पियानो. शूबर्ट १८२८ मध्ये वारला. पुढच्या वीसेक वर्षांत योहान कास्पार मेर्ट्झ या व्हिएन्नात स्थायिक झालेल्या गिटारवादकाने त्याची सहा गाणी एकट्या गिटारसाठी बसवली. समोर नमुना होता फ्रान्झ लिस्टने केलेल्या पियानो-रूपांतरांचा. मेर्ट्झची बायको पियानोवादक होती, तेव्हा घरात पियानो रोज कानावर पडत असणारच.

पियानोची दहा बोटे आणि गायकाचा गळा, दोन्ही सहा तारांवर. मेर्ट्झने काय केले? पियानोची साथ हुबेहूब आणायच्या भानगडीत तो पडला नाही. तिची हालचाल तेवढी ठेवली. साथीचे सूर एकदम न वाजवता एकामागून एक पसरले की थोड्या बोटांत भरगच्चपणाचा भास होतो, आणि त्यावरून चाल निवांत चालत जाते. त्या सहांपैकी 'श्टेंडशेन' हे रात्री प्रेयसीच्या खिडकीखाली म्हणायचे गाणे. त्यातला पियानो मुळातच गिटार छेडल्यासारखा लिहिलेला आहे. म्हणजे मेर्ट्झने ते गाणे गिटारवर आणले म्हणण्यापेक्षा माहेरी आणले म्हणायला हवे.

पण ज्या गाण्याला साथच नाही त्याचे काय? घरात, शेतात, एकट्या गळ्याने म्हटलेले लोकगीत. तिथे सोडण्यासारखे काही नसते, घालावेच लागते. आणि घालण्यातला धोका सोडण्यापेक्षा मोठा. बार्सिलोनाचा मिगेल ल्योबेत (१८७८–१९३८), फ्रान्सिस्को तार्रेगाचा शिष्य, याने आपल्या कातालान लोकगीतांना गिटारवर आणले. त्यातले 'अमेलियाचे मृत्युपत्र' हे १९०० सालचे. मरणाच्या दारातली मुलगी, आणि विष घालणारी तिची आईच. ल्योबेतने त्या चालीखाली उदास, सरकते सूर ठेवले, खर्जाची सहावी तार डी पर्यंत उतरवली आणि चाल परत येते तेव्हा ती हार्मोनिक्समध्ये, म्हणजे तारेला नुसता स्पर्श करून निघणाऱ्या घंटेसारख्या सुरांत ठेवली. शब्द नाहीत, गायिका नाही. तरी दुसऱ्यांदा आलेली चाल ऐकताना ती मुलगी आता इथली राहिलेली नाही असे वाटते. घातलेले प्रत्येक काही गाण्याच्या अर्थातून आलेले असले की ते उपरे वाटत नाही.

ही परंपरा पुस्तकी वादकांपुरती नाही. अमेरिकेत टेनेसीच्या डोंगराळ भागातला चेट अॅटकिन्स (१९२४–२००१) हा मुलगा रेडिओवर मर्ल ट्रॅव्हिसची गिटार ऐकायचा. खर्जही चालू, चालही चालू, आणि वाजवणारा एकटा. दिसत तर काही नव्हते. चेटने अंदाज बांधला की हा अंगठा आणि बरीच बोटे वापरत असणार, आणि स्वतः अंगठा व तीन बोटांनी तसे वाजवायला शिकला. नंतर कळले की ट्रॅव्हिस अंगठा आणि तर्जनी एवढ्यावरच भागवत होता! चुकीच्या अंदाजातून एक सबंध शैली जन्माला आली. आणि जपानचा तोरू ताकेमित्सु, विसाव्या शतकातला मोठा आधुनिक रचनाकार, त्याने १९७७ मध्ये बारा गाणी एकट्या गिटारसाठी बसवून छापली. त्यात बीटल्सची चार गाणी आहेत आणि कामगारांचे 'इंटरनॅशनल'ही आहे. चाल कुठेही लपत नाही, पण तिच्याखालचे सूर असे की ओळखीचे गाणे नव्या घरात भेटल्यासारखे वाटते.

तर सांगायचा मुद्दा असा की नार्वाएझपासून ताकेमित्सुपर्यंत सगळ्यांनी केलेली गोष्ट एकच आहे. आधी गाणे नीट ऐकणे. कुठला आवाज गेला तर गाणे मरेल आणि कुठला गेला तर कुणाला कळणारही नाही, हे ओळखणे. बोटांचे काम नंतरचे.

आपल्या मराठी गाण्यांच्या बाबतीत हे ओळखणे आणखी वेगळे आहे. भावगीत किंवा नाट्यपद एका आवाजाचे. त्याला दुसरा आवाज नाही, पण तानपुऱ्याचा षड्ज-पंचम आहे. अशा गाण्याखाली पाश्चात्त्य कॉर्ड बदलत राहिले की रागाचा एखादा हळवा सूर चिरडतो. सहावी तार डी पर्यंत उतरवली तर डी, ए, डी अशा तीन मोकळ्या तारा खाली मिळतात. अंगठ्याने त्या तेवढ्या बोलत्या ठेवायच्या आणि वर चाल मोकळी सोडायची. मींड तारेवर ओढून घ्यायची. तिथे न घालणे हीच अरेंजमेंट.

आणि मांडो? बेर्मुदो वाचल्यानंतर मी परत अंकलकडे गेलो. या वेळी वाजवायला नव्हे, ऐकायला. आमच्या वहीत त्या मांडोचे शब्द तेवढे होते. चाल सगळ्यांना ठाऊक होती, पण दुसरा आवाज कुठेच लिहिलेला नव्हता. तो अंकलच्या डोक्यात होता, त्यांच्या आईकडून आलेला. तोपर्यंत त्यांची मुले परदेशात स्थायिक झाली होती आणि घरात दुसरा आवाज धरणारे कुणी उरले नव्हते. चार-पाच संध्याकाळी ते गुणगुणत राहिले आणि मी वहीत आकडे मांडत राहिलो. तेव्हा कळले की तो आवाज नुसता तिसऱ्या सुरावर सावलीसारखा चालत नाही. ओळीच्या शेवटी चाल थांबते तिथे तो एक पाऊल पुढे जाऊन मग परत येतो. ती वळणाची जागा कुठल्याच कॉर्डच्या पुस्तकात सापडली नसती.

मग मी तो डी मायनरमध्ये बसवला. दोन्ही आवाज शेजारच्या दोन तारांवर, मधे काहीही नाही, आणि अंगठ्याने मोकळ्या डी आणि ए तारेवर मांडोची ती संथ, सहा मात्रांची झुलती चाल, जी एरवी घुमट सांभाळते. ऐकायला अगदी साधे. कॉलेजातल्या त्या झणत्कारापुढे तर काहीच नाही. अंकलनी या वेळी काही विचारले नाही. पहिली ओळ संपली आणि दुसऱ्या ओळीला ते हळूच गाऊ लागले. चाल नव्हे, दुसरा आवाज.

अंकल आता नाहीत. बल्कांव आहे, पण बहुतेक वेळ दार बंद असते. ती वही माझ्याकडे आहे. गिटार शिकणारा कुणी विचारतो की सोलो कुठून सुरू करू, तेव्हा मी त्याला इतकेच सांगतो : तुझ्या घरातले एक गाणे घे, आधी दोन आवाज शोध, आणि दुसरा आवाज ठाऊक असलेले माणूस अजून आहे तोवर त्याच्याकडे जाऊन ये.